शालन सांगलीत काय बोलली

"मास्तर, या या! तुमची जागा राखून ठेवलीय," सर्जेराव कंडक्टर गाडीच्या दारातूनच ओरडला. खाली उतरून त्यानं शालनच्या हातातली पिशवी घेतली आणि मला दंडाला धरून वर चढवलं. मग मागं वळून तिला म्हणाला, "वहिनी, आज तरी डब्यात शेंगांची चटणी हाय का? का आजबी आमचा उपास?"

शालन हसली.

आता बरीच वर्षं झाली, पण ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त माझ्या किडन्या गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. तसं हसणं माझ्या घरातलं होतं, आणि एसटीच्या पायरीवर ते दुसऱ्याच माणसानं काढून दाखवलं.

मी हणमंत ऐवळे. आजार होण्यापूर्वी मी आमच्या तालुक्यातल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचो. लग्नाच्या वरातीत मी पुढं असायचो, लोक मला मास्तर म्हणायचे. मग पायांवर सूज आली, श्वास पुरेना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, म्हणजे डायलिसिस करायचं, ते जन्मभर. सरकारी योजनेत ते मोफत होतं. केशरी रेशनकार्ड दाखवलं की झालं. पण योजनेत बसणारं हॉस्पिटल मिरजेत, आणि आम्ही इकडं दुष्काळी टोकाला. पहाटे उठून सहाची गाडी धरायची, दिवसभर मशीनवर पडायचं आणि रात्री माघारी. सोबत एक माणूस लागायचंच. ते माणूस म्हणजे माझी बायको, शालन.

ती डाळिंबाच्या बागेत मजुरीला जायची. आठवड्यातले दोन दिवस असे माझ्यामागं गेल्यावर बागवाल्यानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. आमची लेक सुमन आठवीत होती. तिला शालननं माहेरी ठेवली, भावाकडं. तिकडं ठेवून आली त्या दिवशीही ती माझ्यासमोर रडली नाही. चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि मला बिनमिठाची भाजी वाढली.

सहाच्या गाडीला आमच्या तालुक्यातले आम्ही पाच-सहा पेशंट असायचो. सर्जेराव पिसाळ त्या गाडीचा कंडक्टर. उंच, काळासावळा, मिशा कोरलेल्या. आम्हा सगळ्यांसाठी तो पुढच्या सीटा धरून ठेवायचा आणि दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवायचा. येताना एखाद्याला मळमळलं तर ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावायचा. माणूस चांगलाच होता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्यात एक गोदाक्का होती. तिला सोबतीला कुणी नव्हतं. हॉस्पिटलनं दोनदा बजावलं की माणूस घेऊन या. तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा खाली उभ्या असलेल्या एका पोरीनं सांगितलं, "आजी गेली." सर्जेरावनं बेल मारली नाही. गाडी तशीच उभी राहिली, मागचे लोक ओरडायला लागले. मग ड्रायव्हरनं आपणहूनच गाडी काढली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर सर्जेराव आमच्या सीटांजवळ उभा राहून म्हणाला, "मुंबईची समिती यायचीय सांगलीला. योजनेत काय बदल पायजेत ते लोकांकडनं ऐकून घेणार हायत. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन बसवा आणि योजनेत धरा, येवढं आपण मागायचं. पण कुणीतरी उभं राहून बोलाया पायजे."

मी सरसावून बसलो. हजार माणसांच्या वरातीत मी उभा राहिलेला माणूस. आजार माझा, सुया माझ्या हातात. मला वाटलं, तो माझ्याकडंच बघतोय.

तो म्हणाला, "वहिनी, तुमी बोला."

"मी?" शालन म्हणाली. "मला काय येतंय?"

"पेशंट आपलं दुखणं सांगणार, ते त्यांनी लई ऐकलंय. तुमी सोबतीच्या माणसाचं सांगा. ते कुणी सांगत न्हाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शालननं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. ती माझ्या परवानगीची वाट बघत होती आणि मी ती दिली नाही, नाकारलीही नाही. तेवढ्यात सर्जेराव म्हणाला, "ठरलं मग." आणि ठरलं.

पुढं दर रविवारी डेपोच्या मागच्या खोलीत बैठका सुरू झाल्या. आधी मीही गेलो, पण तासभर बाकावर बसलं की मला गरगरायचं. शालनच म्हणाली, "तुमी घरी पडा, मी जाऊन येते." मी घरी पडायचो. ती यायची तेव्हा तिच्या चालण्यात काहीतरी वेगळं असायचं. भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे. एकदा विचारलं, "काय पुटपुटतीस?"

"ते सांगलीचं. पाठ करत्ये."

"मग म्हणून दाखव की."

तिचे हात थांबले. "अजून जमलं न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी उलटी केली.

पूर्वी ती त्याला 'कंडक्टरसाहेब' म्हणायची. मग एका संध्याकाळी सहज बोलता बोलता म्हणाली, "सर्जेराव म्हणत हुते, समितीत एक बाईपण हाय." तिच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र ते नाव रात्रभर चघळत पडलो. मिरजेला मशीनवर पडल्यावर नळीतून रक्त बाहेर जाताना दिसायचं, आणि मला वाटायचं की आपण इथं जखडून पडलोय, आणि बाहेर बाकावर ती काय विचार करत असेल? कुणाचा? तिथं तर तो नसायचाही. त्याची गाडी डेपोत उभी असायची. तरी मला दिसायचा तो तिच्या शेजारीच.

माझं शरीर तर असं झालेलं. हातावर सुया टोचायच्या जागी फिस्तुलाची गाठ आलेली, कातडी करपलेली, तोंडाला लघवीसारखा वास. तो चाळीशीचा, धडधाकट. डब्यातून शेंगांची चटणी आता दर खेपेला त्याच्यासाठी वेगळी बांधून जाऊ लागली. मला मीठ वर्ज्य, म्हणून घरात चटणी कुटणंच बंद झालं होतं. ते त्याच्यासाठी पुन्हा सुरू झालं. उखळाचा आवाज आला की मी कूस बदलायचो.

सांगलीच्या आधीच्या रविवारी मी तिच्यामागून निघालो. बाजारातून डेपोपर्यंत दहा मिनिटांची वाट, पण मला दर विजेच्या खांबाला थांबावं लागलं. पोचलो तोवर बैठक उठली होती. आमच्यातले दोघंतिघं मला वाटेतच भेटले. "मास्तर, तुमी कशाला आला? वहिनी येतीलच की." मी पुढं गेलो.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. शालन बाकावर बसली होती आणि रडत होती. पदर तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. समोर खुर्चीवर सर्जेराव बसला होता. त्यानं तिला हात लावला नव्हता. उगी उगी, असंही म्हणत नव्हता. नुसता बसला होता, जसं काही तिला हवं तितकं रडू द्यायचं एवढंच त्याचं काम होतं. मग पाण्याचा तांब्या त्यानं तिच्याकडं सरकवला.

ती म्हणाली, "ह्यांना कळलं तर काय हुईल वो?"

तो म्हणाला, "कधीतरी कळणारच, वहिनी."

मी माघारी वळलो. घरी कसा आलो ते आठवत नाही. ती आली तेव्हा दिवे लागले होते.

"डेपोत आलो होतो मी," मी म्हणालो.

ती उभीच राहिली. "कवा?"

"तू रडत होतीस तवा."

तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले. मला वाटलं आता काहीतरी खोटं बोलेल. ती म्हणाली, "व्हय. रडले."

"त्याच्यासमोर?"

"व्हय."

"पंधरा वर्षं संसार केलास माझ्याबरोबर. सुमनला सोडून आलीस, तवा रडली न्हाईस. डॉक्टरनं सांगितलं, तवा रडली न्हाईस. माझ्यासमोर एकदा तरी रडलीस?"

"तुमच्यासमोर रडून कसं चालंल?" ती म्हणाली. जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"काय कळायचं हाय मला? काय हाय तुमच्यात?"

ती रागावलीही नाही. रागावली असती, शपथ घेतली असती, तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "सांगलीला तुमीबी चला. तुमी आला न्हाई तर मी बोलणार न्हाई."

"मी येणार न्हाई. आन् तूबी जायचं न्हाईस."

"मी जाणार," शालन म्हणाली. "तुमी या."

पंधरा वर्षांत तिनं मला असं उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तरही मला त्याचंच वाटलं.

मधल्या गुरुवारी मिरजेहून परतताना गाडी चहाला थांबली. शालन खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी धरत धरत खाली उतरलो. सर्जेराव टपरीपाशी चहा पीत उभा होता.

"माझी बायको तुमाला काय सांगती?" मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. "ते त्यांनी सांगायचं, मास्तर. मी न्हाई."

"मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच तर."

मी त्याची कॉलर धरायला हात उचलायला गेलो, आणि तो वर जाईना. त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, "माझी थोरली बहीणबी ह्याच गाडीनं मशीनवर जायची. तिचा नवरा एकदाबी सोबत आला न्हाई. मीच तिकीट फाडायचो, मीच उतरवायचो. ती शेवटपत्तोर कुणाशी काय बोलली असंल? मी ड्युटीवर." एवढं बोलून त्यानं माझा दंड धरला आणि मला पुन्हा गाडीत चढवलं. त्याच्या मदतीशिवाय मला चढता आलं नसतं, हे सगळ्यात वाईट होतं.

सांगलीला मी गेलो. न जाऊन काय करणार? घरी पडून त्या दोघांची कल्पना करण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

मोठं सभागृह होतं. वर टेबलामागं समितीची पाच माणसं, खाली आमच्यासारखे लोक जिल्ह्यातून आलेले. कुणी हृदयाचं, कुणी कॅन्सरचं, कुणाचं कार्ड नाकारलेलं. एकेक जण उठत होता, बोलत होता, रडत होता. समितीतला चष्मेवाला साहेब दर वेळी म्हणायचा, "मुद्द्याचं बोला, वेळ कमी आहे." दुपार झाली तसे वरचे लोक पेंगायला लागले.

शालनचं नाव पुकारलं. ती उठली. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. माईक तिच्या तोंडाहून उंच होता. सर्जेराव पुढं झाला आणि त्यानं तो खाली केला. मी दात आवळले.

"माझं नाव शालन हणमंत ऐवळे," ती म्हणाली. "माझ्या मालकांना डायलिसिस लागतंय. योजना चांगली हाय, साहेब. योजना नसती तर हे आज इथं बसले नसते. पण मशीन मिरजेत आन् आमी तिकडं लांब. आठवड्यातनं दोनदा जातो. माझी मजुरी गेली. लेक भावाकडं हाय, ती आता मला मामीच्या पोरीसारखी परकी बोलती."

"बाई, तुमची नेमकी मागणी काय ते सांगा," चष्मेवाला म्हणाला.

"नेमकंच सांगते." तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. "मागच्या उन्हाळ्यात एक दिवस पहाटं मी ह्यांना उठवाया गेले. गाडीची येळ झालेली. हे झोपलेले. मी हात पुढं केला आन् तशीच उभी राहिले. मला वाटलं, आज हे उठलेच न्हाईत तर? मग मला गाडी धरावी लागायची न्हाई. मी झोपंन. लेकीला घरी आणंन. मला वाटलं, बरं हुईल. आन् मी लगेच उठवलं न्हाई. उभी राहून बघत हुते, श्वास चालतोय का. चालत हुता, तर मला वाईट वाटलं."

वर बसलेली बाई पुढं झुकली.

"मी वाईट बाई न्हाई, साहेब. मला हा माणूस हवा हाय. त्यांनी क्लॅरनेट वाजवली की मी आख्ख्या वरातीत त्यांच्याकडं बघायची. आजारानं हा इचार माझ्या डोक्यात घातला न्हाई. आजार सोसता येतो. त्या रस्त्यानं घातला. रोज त्याच रस्त्यानं जाऊन जाऊन माणूस नवऱ्याच्या मरणाची वाट बघाया लागतंय. आमच्या दवाखान्यात मशीन आणा. येवढा इचार माझ्या डोक्यातनं काढून द्या. माझी मागणी हीच."

ती खाली बसली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली.

बायकोला आपलं मरण हवं होतं हे ऐकून माणसाला काय व्हावं? मला त्याचं दुःख झालं, पण ते नंतर, रात्री. त्या क्षणी मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी सर्जेरावकडं बघितलं. सगळं सभागृह सुन्न झालं होतं. एकट्या त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्यानं हे आधी ऐकलं होतं. त्या खोलीत, त्या बाकासमोर, तिच्या रडण्यासकट. माझ्या उशाशी उभी राहून तिनं जे मनात आणलं ते त्या माणसाला माझ्या आधी माहीत होतं. असली आग मला तोवर कधी लागली नव्हती. तिनं त्याच्याबरोबर काही केलं असतं, तरी एवढी लागली नसती.

परतीच्या गाडीवर दुसराच कंडक्टर होता. सर्जेराव मुद्दामच सांगलीत मागं राहिला असावा. अर्धी वाट सरली. मग मी म्हणालो, "त्याला आधी सांगितलंस."

तिला वाटलं होतं मी दुसरंच काही विचारीन. ती वळून माझ्याकडं बघायला लागली. "तुमाला येवढंच लागलं?"

"मला का न्हाई सांगितलंस? माझ्याबद्दलचं होतं. माझं होतं ते."

ती खिडकीकडं वळली. मग म्हणाली, "त्याला सांगणं सोपं हुतं. त्याचं तोंड मला रोज बघायचं नव्हतं."

"मग आज मला कशाला नेलंस?"

"दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं असतं तर तुमी मला कधीच ओळखलं नसतं," ती म्हणाली. आणि मग गाडीत, परक्या माणसांच्या मध्ये बसून, ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डेपोत रडली होती तशीच. मला काय करावं कळेना. हात लावू की नको? शेवटी मी काहीच केलं नाही. नुसता बसलो आणि तिला रडू दिलं. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्याकडं धरली.

तिच्या बोलण्यानं काय झालं, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी शंभर माणसं बोलली असतील. पण दीड-दोन वर्षांनी योजनेचे नियम बदलले, आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात, जुन्या बाळंतपणाच्या खोलीत, दोन मशीन बसली. सर्जेरावची बदली त्याआधीच झाली होती. उद्घाटनाला तो आला नाही. मी बोलावलंही नव्हतं. पुढं तो रिटायर झाल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा शालन म्हणाली, "भला माणूस हुता." मी हो म्हणालो. म्हणायला कष्ट पडले, पण म्हणालो.

सुमन घरी आली, तिचं लग्न झालं. शालन पुन्हा बागेत जायला लागली. मी आता घरून चालत दवाखान्यात जातो, चार तास पडतो आणि चालत येतो. संध्याकाळी ती कामावरून येते आणि आम्ही ओट्यावर बसतो. फार बोलत नाही, पण बसतो.

मागच्या महिन्यात असेच बसलो असताना मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं. "काय गं, तसं परत कधी वाटलं का तुला? त्या पहाटेसारखं?"

ती पायातले काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "वाटतं की, अधूनमधून. परवाच वाटलं. तुमी खोकत हुता रातभर, मला झोप न्हाई."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? आता तुमालाच सांगत्ये."

अंधार पडत होता म्हणून बरं, नाहीतर म्हातारपणी मी कशावर एवढा खूश झालोय ते तिला दिसलं असतं.